मानेची भाषा



वसंतातल्या ह्या व्याख्यानसत्रात राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांची पंगत बसलेली असते. त्या पंगतीत आज मी एक पाळीव पक्षी आणून बसवीत आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. पण हा पक्षी आपल्या वाङ्मयाला परका नाही. सरस्वतीचे वाहन तो, नलदमयंतीचा दूत तो, आणि दूध व पाणी निराळे करणारा म्हणून विवेकाचा आदर्शही तोच. इतका मान ज्याला आपण दिला, त्याच्या मानेकडे मात्र आपण नीट पाहिले नाही. आज त्या मानेविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम पक्षी कोणता, ते ठरवून घेऊ. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात, मळ्यांवर, क्वचित एखाद्या देवळाच्या तळ्यावर, बदकापेक्षा पुष्कळ मोठा, उंच मानेचा, पांढरा किंवा करडा पक्षी पाळलेला दिसतो. कोणी त्याला हंस म्हणतो, कोणी राजहंस, तर कोणी सरसकट बदक म्हणून मोकळा होतो. पाश्चात्त्य चित्रांतून सरोवरावर तरंगणारा, अतिलांब वळणदार मानेचा हंस तो हा नव्हे. हा जमिनीवर चालणारा आणि गायीसारखा गवत चरणारा. फोगेल ह्या डच पंडितांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र ग्रंथात असे प्रतिपादन केले की, आपल्या प्राचीन साहित्यातला आणि शिल्पातला हंस म्हणजे बहुतांशी हाच. त्याची पाळीव घराणी दोन. एक युरोप व आशियातल्या रानटी कलहंसापासून निघालेले. दुसरे पूर्व आशियातल्या रानहंसापासून निघालेले, ज्याच्या चोचीच्या मुळाशी टेंगूळ असते. दोन्ही घराण्यांची वागण्याची रीत बरीचशी सारखी आहे.

हा पक्षी माणूस फार प्राचीन काळापासून राखणीसाठी पाळीत आला आहे. इ. स. पूर्व ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमच्या टेकडीवर चढत असता कुत्री गप्प राहिली आणि जूनो देवीच्या हंसांनी ओरडून पहारेकऱ्यांना जागे केले, ही कथा लिव्ही ह्या इतिहासकाराने सांगितली आहे. अगदी अलीकडे, १९५९ पासून २०१२ पर्यंत, स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे मद्याच्या गोदामांवर हंसांचा कळप पहारा देत होता. आपल्याकडेही, हंस असला म्हणजे चोर येत नाही आणि सापही फिरकत नाही, अशी समजूत आहे. अर्थात ही सारी कीर्ती त्याच्या आवाजाची. पण हंस ओरडतो त्याच्या पुष्कळ आधी तो बोललेला असतो. ते बोलणे आपल्या कानांवर येत नाही, कारण ते मानेने बोललेले असते.

मराठी माणसाला ही भाषा जड जाऊ नये. मान ताठ ठेवणे, मान तुकवणे, मान खाली घालणे, मान वळवणे, मान डोलावणे अशा किती तरी मनःस्थिती आपण मानेवरूनच सांगतो. फक्त एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या मानेचे अर्थ हंसाच्या मानेला लावता कामा नयेत. आपल्याकडे ताठ मान म्हणजे स्वाभिमान, प्रसंगी गर्व. हंसाकडे ताठ मान म्हणजे भीती. आपल्याकडे मान खाली घालणे म्हणजे लाज किंवा शरणागती. हंसाने मान खाली आणून पुढे ताणली, तर ती चढाईची सूचना असते. कोश उलटा धरून वाचावा तसा हा प्रकार होतो, आणि पाळणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी ह्या उलट्या वाचनातून निघतात.

एकेक अवस्था घेऊ. चरत असलेल्या हंसाने एकाएकी चरणे थांबवून मान सरळ वर काढली, पिसे अंगाला चिकटवली, आणि तो खांबासारखा निश्चल झाला, तर पाहणारी मुले म्हणतात, बघा कसा ऐटीत उभा आहे! ती ऐट नव्हे. त्याला काही तरी दिसले आहे किंवा ऐकू आले आहे, आणि पळावे की राहावे ह्याचा निर्णय चालू आहे. एकाने मान वर केली की दुसरा करतो, आणि क्षणात सारा कळप खांबांचा होतो. कधी तो डोके एका बाजूला कलंडवून एकाच डोळ्याने आभाळाकडे पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे वर पाहण्याची रीत ती. वर घार किंवा ससाणा फिरत असावा. अशा वेळी आपण त्याला चुचकारावयास जाऊ नये. तो जिकडे पाहतो आहे तिकडे आपण पाहावे. राखणदार पाळला आहे, तर त्याचा अहवाल वाचावयास नको काय?

दुसरी अवस्था सर्वांच्या परिचयाची. मान जमिनीलगत, पुढे ताणलेली, चोच उघडी, जीभ दिसते आहे आणि फूत्कार चालू आहे. कलहंसाच्या मानेवरील पिसांना उभ्या चुण्या असतात. ह्या वेळी त्या थरथरताना दिसतात. ही धमकी आहे, हल्ला नव्हे. धमकी द्यावयाची ती मुळी झुंज टळावी म्हणून. आणखी पुढे येऊ नका, एवढेच तो सांगत असतो, आणि बहुधा घरट्यावर बसलेल्या मादीच्या किंवा पिलांच्या वतीने सांगत असतो. येथे माणसे दोन गोष्टी करतात: काही पळत सुटतात, काही लाथ उगारतात. पळणाऱ्याकडून नर असा धडा घेतो की, आपली युक्ती लागू पडते; आणि लाथ उगारणाऱ्याकडून असा की, हा खराच शत्रू आहे. दोन्ही धडे पुढच्या खेपेला अधिक जोराने परत मिळतात. उभे राहावे, आवाज चढवू नये, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश अंतर वाढवावे. लहान मुलांना घरट्यापासून दूर ठेवावे. नराच्या पंखाच्या सांध्याशी हाडाचा कठीण उंचवटा असतो आणि त्याचा तडाखा चांगलाच लागतो.

आता तिसरी अवस्था, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नराने आपल्याला हाकलले. आपण मागे सरलो. पुष्कळांचे निरीक्षण येथेच संपते, कारण तोवर आपण दाराआड गेलेलो असतो. पण जरा थांबून पाहावे. नर वळतो आणि मान तशीच पुढे ताणून, मोठमोठ्याने ओरडत, धावत आपल्या मादीकडे जातो. अनभिज्ञाला वाटते, आता हा तिलाही मारणार. पण ती पळत नाही. तीही मान ताणते, आणि दोघे माना एकमेकांच्या शेजारून तिरप्या नेऊन एकसुरात कलकलाट करतात. पिले असली तर तीही त्यात सामील होतात.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ऑस्कर हाइनरोट ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ह्या प्रकाराला जे जर्मन नाव दिले, त्याचा अर्थ विजयाची आरोळी असा होतो. त्यांच्यामागून ऑस्ट्रियातील कॉनराड लोरेंझ ह्यांनी डॅन्यूबकाठच्या आल्टेनबर्ग गावी, आपल्या घरी कलहंस वाढवून, हाच विषय आयुष्यभर चालविला. १९७३ साली त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गेन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. लोरेंझ ह्यांनी दाखविले की, धमकीची मान आणि प्रेमाची मान ह्या दोन्ही जवळजवळ एकच. फरक फक्त दिशेचा. धमकीची मान समोरच्याच्या रोखाने सरळ जाते. विजयघोषाची मान जोडीदाराच्या बाजूने, त्याला चुकवून, तिरपी जाते. ह्या कोनात सारा संसार आहे. हा घोष ज्यांच्याबरोबर करावयाचा ते आपले, आणि ज्यांच्याविरुद्ध करावयाचा ते परके. जोडपे आणि कुटुंब ह्यांना एकत्र बांधणारा दोर तो हाच.

हे ध्यानात आले म्हणजे फाटकावरच्या त्या फूत्काराचा अर्थ पालटतो. आपल्या वाट्याला वाक्याचा पूर्वार्ध आलेला असतो. उत्तरार्ध तिच्या वाट्याचा असतो. आपण हंसाच्या संभाषणातले श्रोते नसून निमित्त असतो. कवींनी ह्या पक्ष्याला नीरक्षीरविवेक दिला. तो त्याला आहे असे मानण्यास आधार नाही. पण दुसरा एक विवेक त्याला खराच आहे, तो म्हणजे आपपरविवेक. आणि त्याची सारी मानेची भाषा ह्या एका विवेकासाठी आहे.

ह्याखेरीज रोजच्या व्यवहारातील काही लहान खुणा आहेत. चरताना हंस हलक्या आवाजात अखंड कुजबुजत असतात. ही कुजबूज लांबलचक आणि संथ असली तर सारे ठीक आहे, येथेच चरू या, असा तिचा भाव असतो. ती तुटक होत गेली की निघण्याचा विचार चालू आहे असे समजावे. उडण्यापूर्वी कलहंस चोच आडवी झटकतात; एकाने झटकली की दुसरे झटकू लागतात, आणि मग सारे मिळून उठतात. मान पाण्यात पुनःपुन्हा बुडवून एकमेकांभोवती फिरणे हे नरमादीच्या मीलनाचे नांदीवाक्य असते. अंघोळ, मग पंखांची फडफड, मग निवांतपणे पिसे विंचरणे, हे स्वास्थ्याचे लक्षण. ह्याउलट पिसे फुगवून, पंख सैल सोडून, कळपापासून दूर एकटाच उभा राहिलेला हंस बहुधा आजारी असतो. त्याला शांत समजून सोडून देऊ नये.

खुणा सुट्या वाचून भागत नाही, त्यांचा क्रम वाचावा लागतो. लोरेंझ ह्यांच्या मार्टिना नावाच्या हंसीची हकीकत ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांनी ती १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात दिली आहे. मार्टिना अंड्यातून निघाल्यापासून लोरेंझ ह्यांच्यामागून फिरे आणि रात्री त्यांच्या खोलीत निजावयास जिना चढून जाई. पहिल्या दिवशी घरात शिरताच ती भेदरून उजेडाच्या खिडकीकडे गेली आणि मग जिन्याकडे वळली. पुढे भीती गेली, पण खिडकीचा वळसा राहिला. दिवसेंदिवस तो आखूड होत गेला इतकेच. एका संध्याकाळी उशीर झाला असता ती वळसा न घेता थेट जिना चढू लागली. पाचव्या पायरीवर ती थबकली. मान लांब झाली, पंख पसरले, भयाचा आवाज निघाला. मग ती घाईघाईने खाली उतरली, खिडकीपर्यंत जाऊन आली, आणि पुन्हा चढू लागली. पाचव्या पायरीवर येताच तिने इकडेतिकडे पाहिले, अंग झाडले आणि स्वागताचा आवाज केला. लांब मान, मग अंग झाडणे, मग स्वागत: भीती, सुटका आणि आनंद ह्या तीन शब्दांचे हे वाक्य आहे. आपल्या घरच्या हंसाने एखाद्या गडबडीनंतर अंग झाडले की समजावे, त्याच्यापुरते संकट संपले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, हा तर अगदी माणसासारखा! तेथेच थांबावयास हवे. १९३८ साली लोरेंझ आणि टिनबर्गेन ह्यांनी मिळून कलहंसीच्या अंडे परतविण्याच्या क्रियेवर एक निबंध प्रसिद्ध केला. घरट्याबाहेर अंडे गेले की हंसी मान लांबवून चोचीच्या खालच्या बाजूने ते ओढून आत आणते. पण मान ओढण्यास सुरुवात झाल्यावर मधूनच अंडे काढून घेतले, तरी ती नसलेले अंडे ओढीत मान शेवटपर्यंत आणतेच. ह्याला वात्सल्य म्हणावयाचे काय? निर्बुद्धपणा म्हणावयाचे काय? दोन्ही शब्द आपले आहेत, तिचे नव्हेत. त्याच १९३८ साली लोरेंझ नाझी पक्षाचे सभासद झाले, आणि पाळीव प्राण्यांत दिसणाऱ्या फरकांचा दाखला देऊन त्यांनी १९४० साली मानवी समाजाच्या अधःपतनाविषयी, त्या राजवटीला मानवेल अशी मांडणी केली. हंसाची मान अचूक वाचणारा विद्वानही हंसावरून माणसावर उडी मारताना किती वाईट ठिकाणी उतरू शकतो, ह्याचा हा धडा विसरता कामा नये. हंसाला हंस म्हणूनच वाचावे.

तसे वाचण्याची सोय आता पुष्कळ वाढली आहे. लोरेंझ ह्यांनी १९७३ साली ऑस्ट्रियातील ग्रुनाऊ येथे हंसांचा कळप नेला. त्यांच्या १९८९ मधील निधनानंतरही तेथे संशोधन चालू राहिले. तेथील काही हंसांच्या शरीरात हृदयाचे ठोके दुरून नोंदविणारी लहान यंत्रे बसविण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कळपातला तंटा नुसता बाजूला उभे राहून पाहणाऱ्या हंसाचेही ठोके वाढतात, आणि तंट्यात त्याचा जोडीदार किंवा कुटुंबातले कोणी गुंतलेले असले तर अधिकच वाढतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो पक्षी स्वस्थ वाटतो. आत काळीज धडधडत असते. मान जे सांगत नाही ते काळीज सांगते. आणि तेही पुन्हा आपल्या माणसांविषयीच, म्हणजे आपल्या हंसांविषयीच!

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याकडे राखणीसाठी किंवा शोभेसाठी पुष्कळदा एकच हंस आणला जातो. किंवा जोडी आणली जाते, त्यातला एक कुत्र्याच्या तोंडी जातो आणि दुसरा उरतो. एकटा उरलेला हंस अधिक ओरडतो, माणसांच्या पायांत घोटाळतो, किंवा उलट प्रत्येकाच्या अंगावर जातो. मालक म्हणतो, फार माया लावली हो ह्याने! किंवा म्हणतो, फार माजला आहे. माझे म्हणणे असे की, दोन्ही निदाने चुकीची आहेत. ज्या पक्ष्याची सगळी भाषा आप आणि पर ह्या दोन पदांवर उभी आहे, त्याच्यापासून आपण आप हे पद काढून घेतले आहे. उरले ते सारे पर. तो शत्रूला हाकलतो आणि वळतो. पण विजय सांगावयाचा तो कोणाला? वाक्याचा उत्तरार्ध बोलावयास जागाच नाही.

जोडीदार गेलेल्या हंसाचे वर्णन लोरेंझ ह्यांनी केले आहे. त्याचे डोळे खोल जातात, मान व अंग सैल पडते, आणि पूर्वी ज्यांना तो हाकलीत असे ते दुबळे हंससुद्धा त्याच्यावर चढाई करतात. ह्याला शोक म्हणावे की नाही, हा वाद मी पंडितांवर सोपवितो. पण ती अवस्था पाहून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही. आणि अंड्यातून निघताच माणसाच्या हाती वाढलेल्या पिलाची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. पहिल्या काही तासांत ज्याच्यामागून ते चालते, त्याचा ठसा त्याच्या मनावर बसतो. गोजिरवाणे पिलू पायांमागून धावते तेव्हा आपल्याला मौज वाटते. पण सुखरूप राहिल्यास हा पक्षी वीस वर्षेसुद्धा जगतो. आपण मौज म्हणून त्याला आपले केले. तो मात्र ते खरे मानून बसला. सकाळी कामाला निघून संध्याकाळी परतणारा माणूस हंसाच्या हिशेबी फारच वाईट नातेवाईक ठरतो.

म्हणून ज्यांना हंस पाळावयाचा असेल त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. एकटा हंस पाळू नये. निदान दोन, जमल्यास तीनचार ठेवावे. चरावयास गवत आणि मान बुडेल इतके तरी पाणी असावे. उचलण्याची वेळ आली तर माने किंवा पंखाने ओढू नये. अंगाखाली हात घालून, पंख मिटवून, छातीशी धरावे. अंड्यांच्या दिवसांत नराचा फूत्कार गुन्हा समजू नये. आणि रोज दहा मिनिटे, काहीही न करता, दूर बसून त्यांच्या माना पाहाव्यात.

ज्यांना पाळावयाचे नाहीत त्यांनाही ही भाषा ऐकण्याची सोय आहे. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर भिगवणकडे, किंवा पैठणच्या नाथसागरावर, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब येतात. लडाख, तिबेट, मंगोलिया हा त्यांचा विणीचा मुलूख. हे आपल्या पाळीव हंसांचे सख्खे भाऊबंद. ताठ मानेचे खांब आणि जोडप्यांचा विजयघोष त्यांच्यातही पाहावयास मिळतो. दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी मान इतकी लांब आहे की ती दुरूनही वाचता येते.

आपण ज्याला विवेकाचा आदर्श म्हटले, त्याच्याशी वागताना थोडा विवेक आपणही दाखवावा, एवढेच मागणे. दूध आणि पाणी निराळे करण्याइतके ते कठीण नाही. सरळ आलेली मान आणि तिरपी गेलेली मान ह्यांतला फरक ओळखावयाचा, आणि ती तिरपी मान जिच्या शेजारून जाईल अशी दुसरी एक मान त्याच्याजवळ असू द्यावयाची.